आमगेलो

कोकणीतला ‘आमगेलो’ हा शब्द मोठा मायाळू आहे आणि तितकाच हावराही आहे. घरातला मुलगा परीक्षेत पहिला आला, की तो आमगेलो. शेजारच्यांचा मुलगा मुंबईत मोठ्या हुद्द्यावर चढला, की तोही आमगेलो. आणि परमुलुखातील एखाद्या थोर पुरुषाच्या पणजोबांचे घर कधी काळी आपल्या वाड्यापासून चार कोसांवर होते असे कानी आले, की त्याचीही गणना त्याच मोठ्या कुटुंबात होऊन जाते. अपयशी मनुष्याच्या वाट्याला मात्र हा शब्द सहसा येत नाही. आम्ही गेली वीस वर्षे पणजीत वकिली करीत आहो. मालकीचा दावा कोठेही ऐकू आला, की ‘आधार काय?’ हा प्रश्न आमच्या जिभेवर आपोआप येतो. लग्नाच्या पंगतीत तो आला, तर सोयरे रागावतात. परंतु सवयीला इलाज नाही.

या शब्दाचे सर्वांत ठळक मानकरी म्हणजे क्रिकेटपटू दिलीप नारायण सरदेसाई. ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावात जन्मलेले, २ जुलै २००७ रोजी मुंबईत निवर्तलेले. गोव्यात जन्मून भारतातर्फे कसोटी सामना खेळलेले पहिले गृहस्थ. ३० कसोटी सामने, २,००१ धावा, ५ शतके. आमच्याकडील घरांत क्रिकेटचा विषय निघाला, की थोड्याच वेळात कोणीतरी ‘दिलीप आमगेलो’ असे म्हणतोच. या दाव्याची एकदा नीट छाननी करावी, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. छाननीत दावा टिकला, तर आनंदच आहे. मात्र टिकलेल्या प्रत्येक दाव्याबरोबर काही देणेही पदरात पडते, हे आमच्या व्यवसायाने आम्हांस शिकविले आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडू. प्रतिपक्ष म्हणेल, की सरदेसाई जन्मले गोव्यात, हे खरे. पण त्यांचे क्रिकेट गोव्यात जन्मले नाही. पोर्तुगीज अमलातील मडगावात मुलांच्या पायांत फुटबॉल होता. क्रिकेट होते ते हौसेचे. चांगली खेळपट्टी, शिकविणारा गुरू, निवड करणारी संघटना, यांपैकी काहीही तेथे नव्हते. १९५७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कुटुंबाबरोबर ते मुंबईस गेले. त्या काळी भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केलेली होती. सीमा ओलांडणे म्हणजे सावंतवाडीच्या बाजारास जाऊन येणे नव्हते. मुंबईत विल्सन कॉलेजने त्यांना मैदान दिले. १९५९-६० साली आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा काढल्या, आणि तेथून त्यांचे नाव निवड करणाऱ्यांच्या वहीत गेले. पुढे रणजी करंडकासाठी ते मुंबईकडून खेळले, आणि त्यांनी खेळलेल्या रणजी सामन्यांपैकी एकही मुंबईने हरला नाही. गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत प्रथम उतरला तो १९८५-८६ साली. म्हणजे सरदेसाईंनी बॅट ठेवून दिल्यावर बारा वर्षांनी. मग गोव्याने त्यांना दिले काय?

या युक्तिवादात एक तारीख आमचे मन फार वेळ धरून ठेवते. सरदेसाईंचा पहिला कसोटी सामना इंग्लंडविरुद्ध कानपुरास १ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. मडगावचा मुलगा भारताची टोपी घालून मैदानात उतरला, त्या दिवशी मडगावच्या कचेरीवर अजून पोर्तुगीज निशाण फडकत होते. त्यांची जन्मभूमी त्यांच्यापेक्षा अठरा दिवस उशिराने भारताच्या संघात आली! त्या पहिल्या डावात त्यांनी २८ धावा केल्या आणि स्वतःच्याच बॅटीने यष्टी पाडून ते बाद झाले.

आता त्यांच्या खेळाकडे वळू; कारण मनुष्य कोणाचा, याचा काही पुरावा जन्मदाखल्यापेक्षा त्याच्या वागण्यातही सापडतो. सरदेसाईंची ख्याती फिरकी गोलंदाजी खेळण्याविषयी होती. फिरकीपुढे बहुतेक फलंदाज अर्धे पाऊल टाकतात. ना पुढे, ना मागे. चेंडू नेमका त्या अर्ध्या पावलाची वाट पाहत असतो. चांगला फलंदाज एकतर टप्प्यापर्यंत पोचून चेंडूला वळण्यास अवसरच देत नाही, किंवा पूर्ण मागे राहून वळलेला चेंडू शांतपणे पाहून खेळतो. सरदेसाईंचे पाय हा निर्णय लवकर घेत आणि घेतलेला बदलीत नसत. उलटतपासणीत आम्हांस हेच करावे लागते. साक्षीदाराच्या अंगावर जावयाचे, की त्याला बोलू द्यावयाचे, हे पहिल्या दोन प्रश्नांत ठरवावे लागते. मध्येच घोटाळणाऱ्या वकिलाची दांडी उडते. निरुपद्रवी गोलंदाजीला ‘पोपटवाडी’ म्हणण्याची मुंबईच्या मैदानांवरील पद्धत सरदेसाईंनीच पाडली, असे सांगतात. शब्द थट्टेचा आहे. परंतु कोणती गोलंदाजी पोपटवाडी आणि कोणती नव्हे, हे क्षणात ओळखणे ही थट्टा नव्हे.

ते देखणे फलंदाज म्हणून गाजले नाहीत. त्यांचे मोठे डाव पाहिले, तर एक गोष्ट दिसून येते. संघ सुस्थितीत असताना त्यांनी काढलेल्या धावा लोक विसरले. संघ बुडत असताना काढलेल्या धावांवर त्यांचे नाव उभे आहे. १९६२ साली बार्बाडोसच्या दौऱ्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यास लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारी पोचले. त्यानंतर लगेच ब्रिजटाऊन येथेच झालेल्या कसोटीत सलामीस जाऊन सरदेसाईंनी दुसऱ्या डावात ६० धावा केल्या. वय वर्षे एकवीस. १९६४ साली कानपुरास इंग्लंडने भारतावर फॉलोऑन लादला असता त्यांनी ७९ आणि ८७ धावा करून सामना वाचविला. मार्च १९६५ मध्ये मुंबईस न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव ८८ धावांत आटोपला. फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात सरदेसाई २०० धावांवर नाबाद राहिले, भारताने ५ बाद ४६३ वर डाव घोषित केला, आणि शेवटी ८ बाद ८० अशा अवस्थेत न्यूझीलंडच कसाबसा वाचला. लगेच दिल्लीच्या कसोटीत त्यांनी १०६ धावा केल्या, आणि तो सामना भारताने जिंकला.

येथून पुढे सहा वर्षे त्यांना एकही कसोटी शतक करता आले नाही. दुखापती झाल्या, अपयश आले, संघातील जागा गेली. १९७१ सालच्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड होत असताना ते तिशी ओलांडून गेले होते, आणि अनेकांच्या लेखी त्यांचा अध्याय संपला होता. नवे कर्णधार अजित वाडेकर यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. आमचे एक मामा सांगत, की संघाची नावे वर्तमानपत्रात वाचून पेडण्याच्या बाजारातील दुकानात दोन तट पडले होते. एक तट म्हणे, बरे झाले. दुसरा म्हणे, एका नव्या मुलाची जागा गेली. दुसऱ्या तटात आपण होतो, हे मामा कधी लपवीत नसत. ‘आमगेलो’ हा शब्द त्या दिवशी त्या दुकानात कोणीही उच्चारला नव्हता, असेही ते हसत हसत पुढे जोडीत.

किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने गेला. दुसऱ्या दिवशी भारत ५ बाद ७५. त्यापूर्वी वेस्ट इंडीजशी खेळलेल्या २३ कसोटींपैकी एकही भारताने जिंकली नव्हती, आणि ही चोविसावीही त्याच वाटेने चालली होती. सरदेसाईंच्या जोडीस एकनाथ सोलकर आले. दोघांनी १३७ धावांची भर घातली. सोलकरांच्या त्यांत ६१. पुढे नवव्या गड्यासाठी प्रसन्ना यांच्याबरोबर आणखी १२२. सरदेसाई २१२ धावा करून बाद झाले. भारताबाहेर भारतीय फलंदाजाने काढलेले ते पहिले द्विशतक. ३८७ ही भारताची एकूण धावसंख्या. वेस्ट इंडीजचा डाव २१७ मध्ये संपला. एक दिवस वाया गेल्यामुळे फॉलोऑनसाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती, हा नियम वाडेकरांच्या ध्यानी होता. त्यांनी सोबर्स यांना जाऊन सांगितले, की पुन्हा फलंदाजीस आपणच यावयाचे. सामना अनिर्णित राहिला. परंतु कोण कोणाला भितो, याचा हिशेब त्या दिवशी फिरला.

पोर्ट ऑफ स्पेन येथे दुसरी कसोटी. वेस्ट इंडीजचा ऑफस्पिनर जॅक नोरेगा याने भारताच्या पहिल्या डावात ९५ धावांत ९ गडी बाद केले. एका फिरकी गोलंदाजाच्या हाती सबंध डाव पडावा, आणि त्याच डावात सरदेसाईंनी ११२ धावा काढाव्यात, याहून त्यांच्या पदलालित्याला वेगळे प्रमाणपत्र कशाला हवे? भारताने तो सामना ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवरील तो भारताचा पहिलाच विजय. तरुण सुनील गावसकर यांचे पदार्पणही याच सामन्यातले. ब्रिजटाऊनला चौथी कसोटी. भारत ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई, पुन्हा सोलकर. या वेळी १८६ धावांची भागीदारी, सरदेसाईंच्या १५०. मालिकेत त्यांच्या ६४२ धावा झाल्या. गावसकरांनी ७७४ केल्या आणि पुढची सोळा वर्षे ते करीतच राहिले, त्यामुळे त्या दौऱ्याची आठवण बहुधा त्यांच्या नावाने निघते. आणि त्यात अन्याय काही नाही. मात्र दार पहिल्यांदा ढकलले ते किंग्स्टनला, आणि ढकलणारा हात मडगावच्या माणसाचा होता. विजय मर्चंट यांनी सरदेसाईंना भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचे मानकरी ठरविले, ते याचसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरविले, तेथेही सरदेसाईंच्या ५४ आणि ४० धावा होत्या. डिसेंबर १९७२ नंतर ते कसोटी खेळले नाहीत.

या दोन्ही भागीदाऱ्यांतील दुसऱ्या माणसाकडे क्षणभर पाहावे, अशी वाचकांस विनंती आहे. एकनाथ सोलकर यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखीत. एकनाथ त्या मैदानाच्या काठावरच्या झोपडीत वाढले. घरात काही नव्हते. दारात मैदान होते. सरदेसाईंच्या घरी विद्या होती, प्रतिष्ठा होती. दारात मैदान नव्हते, म्हणून त्यांना घर सोडून मैदानाकडे जावे लागले. ७५ धावांवर एकत्र आलेल्या या दोघांमध्ये एवढाच काय तो भेद होता. आणि तो भेद बुद्धीचा नव्हे, कुळाचा नव्हे; जमिनीच्या एका तुकड्याचा होता.

तेव्हा दावा टिकतो की नाही? आमच्या मते टिकतो. परंतु ज्या आधारावर लोक तो सांगतात, त्या आधारावर नव्हे. जन्म ही घटना आहे, पुण्य नव्हे. आधार आमच्याच देवळांत आहे. आमचे देव स्वतः स्थलांतरित आहेत. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, मडगावचा दामोदर जांबावलीस गेला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर आमच्या डिचोली महालातील नार्वे येथे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तरीही मडगावकर गुलालासाठी जांबावलीस जातात, आणि दामोदर आपला नव्हे असे कोणी म्हणत नाही. महाजनांचेही तेच. मुंबईस, कारवारास, मंगळुरास पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मनुष्याची महाजनकी बुडत नाही. १९३३ सालच्या देवस्थान कायद्याने या जुन्या वहिवाटीला लेखी चौकट दिली. पण वहिवाट कायद्याहून फार जुनी आहे. गाव सोडल्याने नाते तुटत नाही, हे आम्ही देवापासून शिकलो. त्या न्यायाने सरदेसाई आमगेलेच.

परंतु महाजनकीला दुसरी बाजू आहे. महाजनाला पालखीचा मान मिळतो, त्याप्रमाणे जत्रेची वर्गणी, दुरुस्तीचा वाटा आणि अडीअडचणीची जबाबदारीही त्याच्यावर येते. केवळ मानापुरता महाजन असलेल्या मनुष्याविषयी देवळाच्या चौकात काय बोलतात, हे वाचकांस सांगावयास नको. ‘आमगेलो’ म्हणणारे आम्ही सरदेसाईंच्या बाबतीत असे मानापुरते महाजन तर नाही ना, एवढाच आमचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी पेडण्याचे एक गृहस्थ आमच्याकडे सल्ल्यास आले. मुलगा चौदा वर्षांचा, डाव्या हाताने फिरकी टाकणारा. ‘ताका म्हंबयक आत्येगेर दवरतां, थंयच्या रावपाचो दाखलो करून दियात,’ असे ते म्हणाले. प्रत्यक्ष वास्तव्य नसता वास्तव्याचा दाखला होत नाही, हे आम्ही त्यांना समजाविले. त्यांना ते पटले. पण उठताना त्यांनी विचारले, ‘वकीलबाब, मग हांगा तो खंय खेळटलो?’ त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर मोपा येथे २०२३ च्या जानेवारीत नवा विमानतळ सुरू झाला. मुलाला मुंबईस नेण्याची सोय झाली. त्याला गावात खेळविण्याची झाली नव्हती.

गोव्यात काहीच घडत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शिखा पांडे यांचा जन्म आंध्रातला. परंतु फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या शिकल्या, गोव्याकडून खेळल्या, भारताकडून कसोटी खेळल्या, आणि २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर उतरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सचिन तेंडुलकर यांचे चिरंजीव अर्जुन मुंबई सोडून गोव्याकडून रणजी खेळण्यास आले, आणि पर्वरीच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात त्यांनी शतक केले. १९५७ साली सरदेसाई ज्या रस्त्याने गेले, त्याच रस्त्याने उलट दिशेने कोणी येऊ शकतो, हे दिसले. कारण पर्वरीस मैदान झाले होते. जेथे मैदान आहे तेथे जन्मस्थळाची चौकशी उरत नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावयास आम्ही प्रवृत्त झालो, ते सांगतो. आमच्या कुळदेवाचे देऊळ डिचोली महालात आहे. देवळाच्या तळीपलीकडे एक मोकळी जागा आहे. पावसाळा सरला, की वाड्यावरची मुले तेथे खेळतात. यष्टी म्हणून तीन काठ्या, आणि धाकट्यांसाठी माडाच्या झावळीच्या देठाची बॅट. महाजनांच्या गेल्या सभेत त्या जागेवर सभागृह बांधण्याचा ठराव आला. त्याच सभेत एका वडीलधाऱ्या महाजनांनी सूचना केली, की नव्या सभागृहात समाजातील नामवंतांच्या तसबिरी लावाव्यात, आणि त्यांत ‘आमगेलो दिलीप सरदेसाय’ अवश्य असावा. सभेने टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या असत्या. पण ती तसबीर कोणत्या जागेवरच्या भिंतीला टांगली जाणार, हे ध्यानी येऊन आमचे हात थांबले.

सभागृहाची मागणी अनाठायी नाही, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. साधारण स्थितीतील महाजनाला मुलीच्या लग्नासाठी पणजीतील सभागृहाचे भाडे झेपत नाही. मंडप पावसात उभा राहत नाही. ठराव मांडणारे आमचे काका लागतात. आयुष्यभर देवळाचा हिशेब त्यांनी पैपर चोख ठेवला आहे. ‘बाबा, खेळ खंयय खेळूं येता, लग्न खंयय लावूं येना,’ असे ते सभेत आम्हांस म्हणाले. त्यांच्या शब्दाला वजन आहे. परंतु पहिल्या वाक्याशी आम्ही नम्रपणे असहमत आहो. खेळ कोठेही खेळता येत नाही. तसे असते, तर सरदेसाईंना मडगाव सोडावे लागले नसते.

जुन्या अग्रशाळेचा पूर्वेकडील भाग मोडकळीस आला आहे. तो उतरवून तेथे सभागृह बांधता येईल. डोंगराच्या बाजूस संरक्षक भिंत घालावी लागेल, म्हणून खर्च वाढेल, आणि तो वर्गणीनेच भरावा लागेल. सभा जत्रेनंतरपर्यंत तहकूब आहे. काकांना दुखवावे, असे आमच्या मनात नाही. तथापि उपसूचना आम्ही लिहून ठेवली आहे आणि तिची एक प्रत आधी त्यांच्याच हाती देणार आहो. ती अशी:

‘सभागृह अग्रशाळेच्या पूर्वभागाच्या जागी बांधावे. तळीपलीकडील जागा मुलांच्या खेळासाठी कायम मोकळी ठेवावी व तिची सपाटी दर वर्षी देवस्थानाच्या खर्चाने करावी. वाढीव खर्चातील आपला वाटा सूचक या सभेत जाहीर करीत आहे. दिलीप सरदेसाई यांच्या तसबिरीस सूचकाचा पूर्ण पाठिंबा आहे.’